अप्पांनी उसवलेली भिंत

आमच्या घरामागची भिंत अप्पांनी दोनदा उसवून पुन्हा केली होती, हे मला कळलं तेव्हा मी त्यांच्याच खोलीत उभी होते. खरी भिंत नव्हे. त्यांच्या टेबलावरची, बोटभर उंचीची, प्लास्टरची. पण हे सांगायचं तर आधी अप्पा सांगायला हवेत, कारण असला घोळ त्यांच्याशिवाय दुसरं कुणी घालू शकत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर शिंपीकाम केलं. रस्त्याच्या कोपऱ्यावर दुकान होतं. आत एक मशीन, एक उभा आरसा आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कापड कापायचं टेबल. गळ्यात टेप, तो फक्त आंघोळीला निघायचा. माणूस दारातून आत येऊन बसायच्या आधी अप्पांनी त्याला नजरेनं मापलेलं असायचं. याचा डावा खांदा उतरलाय, त्याची पाठ वाकायला लागलीय, याचं पोट गेल्या खेपेपेक्षा पुढे आलंय. तोंडातून मात्र ब्र नाही. खांदा उतरला असेल तर आतून पातळ गादी लावायची, पोट सुटलं असेल तर शिवण उसवून सैल करायची. आणि गिऱ्हाईक आरशात बघून "अजून आहे तस्साच आहे की मी!" म्हणालं, की गंभीरपणे मान डोलवायची.

"गिऱ्हाइकाला त्याचं अंग सांगायचं नसतं," ते म्हणायचे. "त्याच्या अंगाला बसेल असं शिवायचं, बस."

अख्खी गल्ली त्यांच्या कपड्यांत सरळ दिसायची. आईचे ब्लाउज तर आजही तेच शिवतात, दुसऱ्या शिंप्याचा हात तिच्या कापडाला कधी लागला नाही. माझ्या मैत्रिणी मला चिडवतात, तुझ्यापेक्षा तुझी आईच टापटीप दिसते म्हणून. खरंच दिसते. आई वर्षानुवर्षं आहे तशीच आहे.

गुडघे कुरकुरायला लागले तसं अप्पांनी दुकान बंद केलं. मशीन एका ओळखीच्या बाईला दिलं, आईच्या ब्लाउजांपुरता सुईदोरा तेवढा ठेवला, आरसा फुटला, आणि ते अजस्र टेबल घरी आलं. "हे टेबल आत आलं तर मी बाहेर," आईनं जाहीर केलं. टेबल आत आलं, आईही आतच राहिली. फक्त त्या खोलीत झाडू मारायचं तिनं बंद केलं.

त्यानंतर माझ्या लेकीची खेळण्यातली आगगाडी त्या टेबलावर आली. लेकीला दोन दिवसांत तिचा कंटाळा आला होता. अप्पांनी रूळ जोडले, गाडी सुरू केली, थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, "नुसत्या फळीवर फिरतेय बिचारी. अंगावर काहीतरी नको का घालायला?"

आणि अप्पा बिघडले.

त्यांच्या खिडकीतून समोरचा उतार दिसतो. वर रेल्वेची लाइन, तिच्या खाली मातीचा डोंगर धरून ठेवणारी उंच दगडी भिंत, आणि भिंतीच्या पायथ्याशी घरांची रांग. त्यातलं मधलं घर आमचं. माझं, नवऱ्याचं आणि चिमुरडीचं. अप्पांनी ठरवलं, मनाचं काही करायचं नाही, जे दिसतंय तेच टेबलावर करायचं.

जाळी वाकवून डोंगर झाला. त्यावर दुकानातल्या चिंध्या प्लास्टरमध्ये बुडवून घातल्या. आईची पिठाची चाळणी नाहीशी झाली, ती माती चाळताना सापडली. चहाचा चोथा गच्चीवर वर्तमानपत्रावर वाळायला लागला, कारण वाळलेल्या चोथ्यासारखी जमीन दुसऱ्या कशानं दिसत नाही म्हणे. लाकडाचा भुसा दोन वेगवेगळ्या हिरव्या रंगांत भिजवला. "उन्हाकडची बाजू आणि सावलीकडची बाजू एका रंगाची कशी असेल?" झुडपांची मुळं उलटी लावून झाडं केली, माझ्या जुन्या गादीतला फोम कुस्करून त्यांना पानं आली. तारांच्या जागी काळा दोरा. भिंतीचे दगड ओल्या प्लास्टरवर बोथट सुईनं एकेक करून कोरले, वरून पातळ शाई सोडून पुसून घेतली, की फटींत काळोख राहिला.

आमच्याकडे आले की हा माणूस नातीला कडेवर घ्यायच्या आधी टेप काढायचा. दाराची उंची, खिडकीची रुंदी, घर आणि भिंत यांच्यामधली बोळ. सगळं मापून झालं की चहा. "अप्पा, घराला कोट शिवताय की काय?" शेजारचे सुतारकाका विचारायचे. अप्पा नुसते हसायचे. मीही हसायचे. हसण्यासारखंच होतं ते.

त्या दिवशी दुपारी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. काम पुरं झालं होतं. मी दारातच थबकले. एवढंसं आमचं घर, त्याला आमचाच उडालेला निळा रंग. बोळीत तारेचं कपडे वाळवायचं स्टँड, त्यावर नखाएवढं फडकं. वर लाइनवर गाडी फिरत होती आणि खाली झाडांच्या सावल्या पडल्या होत्या. मला भरून आलं. पण मी त्यांचीच मुलगी, कौतुक करताना जीभ सरळ वळत नाही.

"बाकी झकास आहे," मी म्हणाले, "पण भिंतीनं पोट काढलंय तुमच्या. प्लास्टर ओघळलं वाटतं?"

"ओघळलं नाही गं," अप्पा शांतपणे म्हणाले. "पोट आहेच तिला. पहिल्यांदा मी सरळ केली होती. उन्हाळ्यात बघितलं तर माप बसेना, म्हणून उसवून थोडी फुगवली. परवा परत उसवली. आता अगदी बरोबर बसलीय."

"कशाला बसलीय?"

"खऱ्या भिंतीला." त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "बोळ आधी चांगली ऐसपैस होती. आता तुझं स्टँड पुरतं उघडत नसेल ना?"

स्टँड उघडत नव्हतं. कितीतरी दिवस उघडत नव्हतं. मी त्याच्या बिजागरीत तेल घातलं होतं, लाथ मारली होती, स्वस्तातला माल उचलून आणतोस म्हणून नवऱ्याला बोलले होते. बोळ अरुंद झालीय हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. असं कुणाच्या डोक्यात येतं?

"अप्पा," मी म्हणाले. आवाज माझा मलाच परका वाटला. "त्या भिंतीच्या वरून गाडी जाते."

"हो, जाते की."

"आणि खाली आम्ही राहतो."

त्यांनी खिडकीबाहेर रोखलेलं बोट हळूच मागे घेतलं.

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"असं कसं सांगायचं... घर तुझं. लेकीच्या घराला तोंडावर नावं कशी..." ते अर्ध्यातच थांबले. आपण काय बोलतोय ते त्यांनी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलं असावं. मी तोवर फोन काढला होता, कारण लेक त्या वेळी मागच्या खोलीत झोपलेली असते. मागची खोली म्हणजे बोळीला लागून. आणि तिचा पलंग खिडकीखाली.

नवऱ्यानं पेंगुळल्या आवाजात फोन उचलला. "हळू बोल, आत्ताच झोपलीय."

"उचल तिला आणि घराबाहेर पड."

"काय झालं?"

"भिंत पडणार आहे!"

"कोण म्हणालं?"

"अप्पांच्या भिंतीनं पोट काढलंय!" मी किंचाळले. यातून त्या बिचाऱ्याला काय कळणार? पण माझ्या आवाजाला तो लग्नापासून भितो, आणि त्या दिवशी तेच कामी आलं.

मी खिडकीशी धावले. समोर खऱ्या लाइनवर वळणावरून खरी गाडी येत होती. माझ्या पाठीमागे टेबलावरची गाडी घर्र घर्र फिरत होती, ती बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. गाडी भिंतीवर आली. आमचं दार बंदच. गाडीचा एकेक डबा माझ्या छपरावरून सरकत होता आणि दार बंदच होतं. मी काचेवर तळहात आपटत होते, जसं काही तिकडे ऐकू जाणार होतं. शेवटचा डबा गेला आणि दार उघडलं. नवरा अनवाणी, खांद्यावर लेक, लेकीच्या अंगावर पांघरुणाचं गाठोडं. मी वळून टेबलावरची गाडी बंद केली.

नवऱ्यानं स्टेशनवर जाऊन सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत रेल्वेचा माणूस आला. त्यानं ओळंबा सोडला, दोरीकडे बघितलं, आणि तिथूनच फोन लावला. गाड्या थांबल्या. दिवे लागायच्या आत अख्खी रांग रिकामी झाली. आम्ही तिघं अप्पांकडे आलो. दोन दिवसांनी भरदुपारी भिंत खाली आली. मला वाटलं होतं धडाम आवाज होईल. तसं काही नाही, धान्याचं पोतं ओतावं तसा नुसता सळसळत आवाज आला. नंतर आम्हाला लांबून बघू दिलं. मागच्या खोलीत छपरापर्यंत दगडमाती होती. पलंगाचा एक पाय तेवढा बाहेर आला होता. मला रडू आलं नाही. मी नुसती त्या पायाकडे बघत राहिले, आणि नवरा माझा दंड घट्ट धरून उभा राहिला.

रांगेतली माणसं अप्पांचे आभार मानायला यायला लागली. "तुमच्यामुळे वाचलो," म्हणायची. अप्पा खाली मान घालून बसायचे. जेवण जाईना. मीही त्यांच्याशी धड बोलत नव्हते. माझा जीव दोन्हीकडे ओढत होता. वाटायचं या माणसाला मिठी मारावी, आणि वाटायचं कुऱ्हाड आणून त्या टेबलाचे तुकडे करावेत. त्यांच्यामुळे माझी पोर वाचली, आणि त्यांच्यामुळेच ती इतके दिवस त्या खिडकीखाली झोपत होती. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एकदम सहन होत नव्हतं.

"दोनदा उसवली गं मी," ते एकदा आपणहून म्हणाले. "दोन्ही वेळा मला वाटलं, छान बसली."

हे ऐकल्यावर माझ्याच्यानं राग धरवेना.

त्या दिवसापासून अप्पांनी ठरवलं, बघितलं की बोलायचं. आता ते थांबेनात. आभार मानायला आलेल्या सुतारकाकांना म्हणाले, "तुमचा उजवा खांदा फार उतरलाय, दाखवून घ्या कुणाला तरी." काका आले तसे खांदा चाचपत गेले. रात्रीच्या जेवणाला आम्ही सगळे बसलो होतो, तर जावयाला म्हणाले, "लग्नातला कोट आता विसरा. नुसतं बटण नाही, काजसुद्धा पोचणार नाही." नवऱ्यानं पोटापुढे ताट धरलं. लेक खिदळली. भिंत पडल्यापासून त्या घरात पहिल्यांदा हसू फुटलं, मलासुद्धा.

"काय हो अप्पा," मी हसत म्हणाले, "आणखी काय काय बघून पोटात ठेवलंय? आजच सगळं ओका."

तेही हसत होते. एकेकाकडे बघत त्यांची नजर फिरत गेली. आई उठून ताटं गोळा करत होती. नजर तिच्यापर्यंत गेली आणि त्यांचं हसू थांबलं. हात गळ्यातल्या टेपकडे गेला.

"माझ्याकडे काय बघताय?" आई म्हणाली.

"तुझे ब्लाउज," अप्पा म्हणाले. "उन्हाळ्यापासून शिवण मारून आत घेतोय मी. घेतो, आणि परत सैल होतात. परत घेतो."

"काहीतरीच," आई म्हणाली. पण हातातली ताटं तिनं खाली ठेवली नाहीत, उचलूनही नेली नाहीत.

मी तिच्याकडे बघितलं. आधी मानेकडे, मग मनगटाकडे, मग खांद्याकडे. ब्लाउज तिच्या अंगाला कुठे एक सुरकुतीसुद्धा न पडता बसला होता.