चादरीचा कोपरा

परवा घरी बारसं होतं. व्याह्यांकडची मंडळी बसली होती, आणि मुलीने तिचं नेहमीचं वाक्य काढलं, "आमच्या बाबांनी आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. काय आजार आहे, हे ठाऊक नसतानाच ती गेली." सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी पेढा तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागत नाही. असे बरेच पेढे मी आजवर खाल्ले आहेत. खरं काय ते आता लिहून टाकतो.

पाण्याची मीटरं तपासणं ही माझी नोकरी. नागपुरात महाल भागातल्या बोळांतून सायकल दामटत मी घरोघरी जायचो. कोणी मीटर उलटं बसवलंय, कोणी काटा अडवलाय, हे मला दारातूनच कळायचं. घरातली माणसं जास्त गोड बोलू लागली की मी खाली वाकून नळ बघत असे. हा संशयी स्वभाव मी रोज संध्याकाळी घरीही आणत होतो.

सत्तरच्या दशकात कधीतरी बायकोला गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, तिला नाही. तेव्हा तशीच रीत होती. आजाराचं नाव नातेवाइकांनी गिळायचं आणि रोग्याला दुसरं काहीतरी सांगायचं. मी तिला सांगितलं, "अंगात उष्णता झालीय. मशीनचा शेक देतील, की उतरेल."

इस्पितळाच्या दर्शनी फाटकावर आजाराच्या नावाची मोठी पाटी होती, म्हणून मी रिक्षा मागच्या फाटकाने घ्यायला लावली. तिथून वॉर्डापर्यंत धोबीघाट, स्वयंपाकघर आणि कोळशाचा ढीग ओलांडून चालावं लागे. ती दोनदा धाप लागून थांबली. मी म्हणालो, "इकडून सावली आहे." सावली नव्हती.

वॉर्डात गेल्यावर दिसलं, की प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर निळ्या शाईत तेच नाव छापलेलं. मग मी रोज दुपारी भेटायला गेलो, की खोकायचो, इकडेतिकडे बघायचो आणि डबा ठेवण्याच्या निमित्ताने वाकून तो कोपरा गादीखाली खोचायचो.

थोड्याच दिवसांत मला एक गोष्ट खटकू लागली. व्हरांड्यात असताना वॉर्डातून बायकांचं हसणं ऐकू यायचं आणि मी दारात पाऊल टाकलं की ते थांबायचं. माझी बायको पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत असायची. माझा संशय शेजारच्या पलंगावर गेला. तिथे वर्ध्याकडच्या खेड्यातली एक धिप्पाड बाई होती. हिने सांगितलं असणार, असं मी मनात धरलं.

एका दुपारी चपला हातात घेऊन मी दाराआड उभा राहिलो.

"मले त माह्या बुढ्यानं सांगतलं, पोटात वारा धरला," ती शेजारीण सांगत होती. "म्या म्हटलं, वाऱ्यासाठी एवढ्या दूर नागपूरले काहून आणलं गा? वारा त आपल्या गावातच लय सुटते."

पलीकडे नागपुरातल्याच जरीपटका वस्तीतली एक सिंधी बाई होती. ती म्हणाली, "मेरा बेटा बोलता है, मम्मी, गॅस है. गॅस के वास्ते इतनी बडी मशीन?"

"आमच्याकडे उष्णता आहे," माझ्या बायकोचा आवाज आला.

"अन् त्याच्यावर शेक? उष्णतेवर शेक!" शेजारीण खदखदून हसली. "मंग जुलाबावर एरंडेल पाजत असन वं तुहा नवरा!"

त्यानंतर मी दाराच्या फटीतून जे पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. माझी बायको पलंगावरून उतरली. माझ्यासारखं खोकली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, हवेतला डबा खाली ठेवला आणि वाकून चादरीचा कोपरा गादीखाली खोचला. वर कपाळावरचा घामही पुसला. सगळा वॉर्ड हसत होता.

"पहिला नंबर तुह्याच नवऱ्याचा वं बाई!"

मी मागे गेलो, चपला घातल्या आणि मुद्दाम वाजवत आलो. सगळं चिडीचूप. शेजारीण एवढंच म्हणाली, "या भाऊ. लय ऊन हाय बाहेर. उष्णता व्हईन तुमाले." तीन पदर तीन तोंडांवर गेले. मी खोकलो, डबा ठेवला आणि कोपरा खोचला.

त्या क्षणी मीही हसायला हवं होतं. शेजारणीच्या त्या थट्टेने माझ्यासाठी दार किलकिलं करून दिलं होतं. पण मला राग आला. मी तडक केरळी सिस्टरकडे गेलो आणि सांगितलं, त्या बाईमुळे माझ्या बायकोला त्रास होतो, बायकोचा पलंग दुसरीकडे हलवा.

"पेशंट हंसता है तो तुमको क्या तकलीफ है?" सिस्टरने विचारलं.

मी अडून बसलो. पलंग दुसऱ्या टोकाला, भिंतीशी गेला. तिथली शेजारीण गुंगीतच असे.

"पलंग का हलवला हो?" बायकोने विचारलं.

"इथे हवा चांगली आहे."

"हो का," ती म्हणाली. वॉर्डातलं हसणं त्यानंतर मला ऐकू आलं नाही.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा धुतलेल्या चादरी नुकत्याच घातलेल्या होत्या. बाकी सगळ्या पलंगांवर निळी अक्षरं दिसत होती. हिच्या पलंगाचा कोपरा मात्र आधीच गादीखाली होता. मी आयाला विचारलं, तिने हात झटकले. मग मी बायकोकडे पाहिलं. ती माझा डबा उघडत होती. "भाजीत मीठ कमी पडलंय," म्हणाली. तेव्हापासून रोज कोपरा खोचलेलाच असे आणि मी तो न पाहिल्यासारखं करी.

ती बरी होऊन घरी आली. काही वर्षं चांगली गेली. चादरीचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. मग दुखणं उलटलं. डॉक्टरांनी मला पुन्हा बाहेर बोलावलं आणि मी घरी येऊन पुन्हा तेच म्हणालो, "थोडी उष्णता परत आलीय. शेक घ्यावा लागेल."

ती तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवलं.

"घेऊ की," ती म्हणाली. "पण या वेळी मागच्या फाटकाने नेऊ नका हो. फार चालावं लागतं."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी इस्पितळाजवळ रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "कोनत्या गेटनं घेऊ?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "मागच्या."

ती उतरली आणि कोळशाच्या ढिगाकडून हळूहळू चालू लागली. या वेळी मी सावलीचं नाव काढलं नाही.