भिंतीबाहेरचा कोच

आमच्या जुन्या टीममधले दोघं कुठंही भेटले, लग्नात, दवाखान्यात नाहीतर स्मशानात, की पाच मिनिटांत दत्ता बोऱ्हाडेचा विषय निघतो. हल्ली स्मशानातच जास्त भेटतो आम्ही. किस्से असे साठत जातात आणि दर वेळी थोडे फुगतात. परवा एकानं तर दत्तानं रेफरीला उचलून गोलमध्ये फेकल्याचं सांगितलं. साफ खोटं. मी त्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होतो, सगळं डोळ्यांनी पाहिलंय, म्हणजे निदान माझ्या बाजूचं तरी. म्हणून न फुगवता सांगतो. तसे ते काही फार आनंदाचे नाहीत.

* * *

दत्ता चाकणजवळच्या एका जुन्या गावचा. घरची शेती, शेतात कांदा. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या आमच्या कंपनीत तेव्हा खेळाडूंना नोकरी मिळायची. त्यासाठी मैदानावर ट्रायल असायची. ट्रायलला दत्ता डिफेन्समध्ये उभा राहिला आणि दहाव्या मिनिटाला आमच्या कॅप्टनला असा आडवा गेला की कॅप्टनचा पाय थेट प्लास्टरमध्ये.

पर्सोनेल मॅनेजर लालबुंद. "हा माणूस मला परत गेटच्या आत दिसता कामा नये!"

पण पुढच्याच आठवड्यात मॅच होती, आणि डिफेन्समधला आमचा एकमेव भरवशाचा माणूस म्हणजे तो कॅप्टनच. मग काय, त्याच्या जागी दत्तालाच घेतला.

दुसऱ्या दिवशी दत्ता कॅप्टनच्या काळेवाडीच्या घरी गेला. हातात पाच किलो कांद्याची पिशवी. ती दारात ठेवली, "लागंल घरात," म्हणाला आणि चालू पडला. सॉरी नाही, काही नाही. पुढं ती रीतच पडली. ज्याला दत्ताचा पाय लागला, त्याच्या घरी कांदे. माफीचा शब्द त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकला नाही. कांदे आले की माफी आली, असं आम्ही धरून चालायचो.

* * *

आता ती फायनल. कंपन्या-कंपन्यांची स्पर्धा, शून्य-शून्य, शेवटची दोन मिनिटं. राज्याच्या टीमसाठी माणसं निवडणारे बघायला आलेले, आणि दत्ताचं नाव त्यांच्या यादीत होतं. आम्हाला फ्री किक मिळाली. दत्ता डिफेन्स सोडून पुढं पळाला, उडी मारली, डोक्यानं बॉल जाळीत.

शिट्टी वाजली. ऑफसाइड. म्हणजे रेफरीच्या मते बॉल मारला तेव्हाच दत्ता त्यांच्या डिफेन्सच्या पलीकडं जाऊन उभा होता, म्हणून गोल नाही.

रेफरी होते करमरकर सर. चिंचवडला शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी शिट्टी फुंकायचे. दत्ता चालत त्यांच्याजवळ गेला आणि कानाखाली मारली. सर खाली वाकून गवतात चष्मा शोधत होते, ते मला मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून स्पष्ट दिसलं. ऑफसाइड होता की नव्हता, ते नाही दिसलं. एवढ्या लांबून काय दिसणार? तरी गेली पंचवीस वर्षं मी छातीठोक सांगत आलोय, गोल होता.

दत्तावर आजन्म बंदी आली. खेळायचं नाही, कोच म्हणूनही स्पर्धेच्या मैदानाच्या भिंतीच्या आत पाय ठेवायचा नाही. सुटकेची वाट एकच. लेखी माफी द्यायची, तिच्यात "रेफरीचा निर्णय योग्य होता" हे वाक्य पाहिजे, आणि खाली करमरकर सरांची सही.

"मारलं त्याची माफी देतो की," दत्ता म्हणाला. "पर गोल न्हवता असं म्या मेलो तरी ल्हिणार न्हाई."

वय सत्तावीस. राज्याची यादी गेली. कंपनीनं त्याला प्रेस शॉपला, पत्रे ठोकायच्या मशीनवर टाकला, तिन्ही शिफ्टला. करमरकर सरांच्या घरी कांदे गेले नाहीत.

* * *

दोन वर्षांनी आमच्या टीमला कोच मिळेना, तेव्हा दत्तालाच कोच केला. प्रॅक्टिस कंपनीच्या मैदानावर, तिथं त्याला कोण अडवणार? मॅचला मात्र भिंतीबाहेर. मग तो भावाचा कांद्याचा टेम्पो आणायचा, भिंतीला लावायचा आणि टपावर उभा राहून ओरडायचा. वॉचमन हाकलायला यायचा तर म्हणायचा, "मी मैदानात हाय का? टेम्पोवर हाय."

एकदा सेकंड हाफ चालू असताना भावाला मार्केटला जायची घाई झाली. त्यानं वर न बघताच टेम्पो हाणला. दत्ता टपावर, मांडी घालून दोरीला धरलेला, आणि ओरडतोय, "मागं या! सगळे मागं या!" आवाज लांब लांब गेला आणि मग बंद झाला.

तो भावाला टेम्पो मागं घे म्हणत होता की आम्हाला मागं या म्हणत होता, कोणाला माहीत. आम्ही आपले अकराच्या अकरा जण मागं येऊन गोलसमोर उभे राहिलो. एकही गोल खाल्ला नाही त्या दिवशी.

* * *

मग टीमच गेली. कायमची माणसं कमी झाली, कॉन्ट्रॅक्टवरची वाढली. त्यांना ओव्हरटाइम सुटेना, ती कशाला खेळतील? मैदानावर तयार गाड्या उभ्या करायचं ठरलं. पहिला ट्रेलर आला त्या सकाळी दत्ता गोलच्या मधोमध जाऊन बसला. सिक्युरिटीचा मुख्य म्हणजे आमचा तोच जुना कॅप्टन, पाय मोडलेला.

तो लंगडत गेला आणि दत्ताशेजारी बसला. "दत्ता, ऊठ राव. माझी पण नोकरी आहे."

दत्ता उठला. कॅप्टनकडं बघून उठला, मॅनेजरकडं बघून नव्हे. दोन्ही गोलपोस्ट त्यानं भंगारवाल्याच्या आधी गाठले आणि घरी नेले. त्याच्या दारातला दोडक्याचा मांडव अजून त्याच पाइपांवर आहे. दोडके चांगले येतात.

* * *

हा किस्सा आम्ही सहसा सांगत नाही. मंदावहिनी, म्हणजे दत्ताची बायको, शेवटी शेवटी दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेलो होतो. दत्ता खाटेजवळ बसलेला.

वहिनी त्याला म्हणाल्या, "एकदा ल्हिऊन द्या ना ते. लोकांच्या भिंतीभाईर उभं राहून म्हातारं व्हायचंय का?"

दत्ता म्हणाला, "गोल व्हता, मंदे."

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. चार दिवसांनी गेल्या. त्यानंतर वर्षभर तरी "गोल व्हता" हे मी दत्ताच्या तोंडून ऐकलं नाही. मला त्याचा फार राग आला होता त्या दिवशी. अजून आहे थोडा.

* * *

कंपनीतून वेळेआधीच मोकळा झाल्यावर घरी बसवेना, म्हणून त्यानं काळेवाडीतल्या पोरींची टीम उभी केली. बहुतेकींचे बाप कॉन्ट्रॅक्टवर, कोणी परभणीचं, कोणी लातूरचं. कॅप्टन शीतल, अकरावीतली, जिभेला हाड नाही. एका मॅचमध्ये ती रेफरीशी हुज्जत घालायला लागली, तर टेम्पोवरून दत्ता गरजला.

"शीतल! रेफरीशी बोलायचं न्हाई. त्याचा निर्णय शेवटचा आसतो!"

मी टेम्पोखाली उभा होतो, मला हसू आवरेना. मॅच संपल्यावर शीतल भिंतीशी आली आणि मान वर करून म्हणाली, "सर, तुम्ही तर रेफरीला मारलं होतं म्हणं."

दत्ता म्हणाला, "म्हणून तर मी भिंतीभाईर हाय."

* * *

या वर्षी त्या पोरी जिल्ह्याच्या फायनलला गेल्या. आणि नवा नियम निघाला, बेंचवर नोंदणी झालेला कोच नसेल तर टीमला उतरवणार नाही. दत्तानं दुसरा कोच शोधला. आठ दिवस फिरला. फुकट कोण येणार, आणि आला तरी त्या पोरी कोणाचं ऐकणार?

फायनलला तीन दिवस राहिले, तेव्हा तो सकाळीच माझ्या दारात. कागद हातात. "सुन्या, चल. करमरकराकडं जायचंय."

कागदावर सगळं होतं. मारलं ते चुकलं, आणि खाली ते वाक्य, रेफरीचा निर्णय योग्य होता. त्याच्या स्कूटरच्या हुकाला कांद्याची पिशवी लटकत होती. मला बरं वाटलं.

सरांच्या सोसायटीखाली पोचलो. लिफ्ट बंद, तीन मजले चढायचे. मी पिशवी काढायला लागलो तर दत्ता म्हणाला, "ऱ्हाऊ दे. ती बहिणीला द्यायची हाय."

"अरे, सरांना..."

"कागद पोरींसाठी हाय. गोल व्हता."

गुडघा धरत धरत तो वर चढला. सर फार थकलेत आता. डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून कागद मीच वाचून दाखवला. शेवटचं वाक्य वाचताना मी दत्ताकडं बघितलं नाही.

सरांनी चाचपून कागद माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "बोऱ्हाडे, ते शेवटचं वाक्य खोडा. मी धावण्यात मागे पडलो होतो, मला दिसलंच नव्हतं. शिट्टी फुंकली आणि वळून बघितलं तर कडेच्या लाइन्समनचा झेंडा खालीच, तेव्हाच कळलं चुकली म्हणून. त्याला विचारायला निघालो होतो मी. त्यानं सांगितलं असतं तर गोल दिला असता. तेवढ्यात तुम्ही मारलंत. मार खाल्ल्यावर कसा देणार? लोक म्हणाले असते, घाबरून दिला."

मला वाटलं दत्ता आता उठेल, काहीतरी फोडेल. पंचवीस वर्षं, राव. मीच खुर्चीच्या कडेला सरकून बसलो.

दत्तानं पेन सरांच्या हातात दिलं. "वाक्य ऱ्हाऊ द्या, सर. सही करा. आन हे भाईर कुणाला सांगू नका. रेफरीचा निर्णय शेवटचा आसतो. पोरींना म्या तेच शिकिवलंय."

सरांनी सही केली. दत्तानं त्यांचं बोट धरून जागा दाखवली.

आम्ही खाली आलो. मी स्कूटरपाशी थांबलो. दत्तानं कागदाची घडी खिशात घातली, हुकावरची पिशवी काढली आणि पुन्हा जिन्याकडं वळला. तीन मजले. त्याचा गुडघा मला माहीत आहे, म्हणून "मी जातो" म्हणालो. त्यानं ऐकलं नाही.

बऱ्याच वेळानं उतरला, रिकाम्या हातानं.

"काय म्हणालास?" मी विचारलं.

"काय न्हाई," दत्तानं स्कूटरला किक मारली. "लागंल घरात, म्हणलं."