चुलीत भिरकावलेली तार

बोटातलं तांब्याचं वेढं काळं पडलं की मी ते चिंचेनं घासते. ओल्या तांब्याचा तो आंबट वास आला की आजही आधी रागच येतो. तेव्हा तारेचा यायचा, आता स्वतःचा.

चोपन्न-पंचावन्न साल असेल. पिंपरीत नवे कारखाने उभे राहत होते. तिथं कामाला लागलेल्या मामानं तांब्याच्या जाड तारेचा एक उरलेला तुकडा आणून दिला. खुरपून खुरपून आईचं मनगट सुजायचं, आणि तांब्याचं कडं घातलं की दुखणं उतरतं, असं आमच्या चिखली गावातल्या सगळ्या बाया म्हणायच्या. मी तेरा वर्षांची. म्हटलं, मीच घडवते.

तार पाट्यावर ठेवली आणि वरवंट्यानं ठोकत सुटले. दोन दिवस ठोकलं. जितकं ठोकावं तितकी ती मेली ताठ होई, आणि वाकवायला गेलं की कडकन मोडे.

"अगं, कल्हईवाल्या चाचांना इचार की," आई म्हणाली.

"न्हाई इचारत! माजं मी करीन."

तिसऱ्यांदा मोडल्यावर उरलेला तुकडा मी पेटत्या चुलीत भिरकावला आणि न जेवता फुगून बसले.

सकाळी राख काढताना तो हाताला लागला. सहज दाबला, तर कणकेसारखा वाकला. तांबं तापवलं की मऊ पडतं, एवढंच चाचांनी सांगितलं असतं.

पण आता तो आईच्या मनगटाला पुरत नव्हता. तिनंच तो माझ्या बोटाला गुंडाळला, त्याच सुजल्या हातानं.