थंडीत रात्री भात नाही

हे मी कुणाजवळही बोललेले नाही. यांच्याजवळ नाही, हे गेले त्या दिवशीसुद्धा नाही. देवाजवळ तरी? छे — देवासमोर मी नेहमी शहाण्यासारखी हात जोडून उभी. आता तुम्हाला सांगते आहे, तर ऐका. पण माझी कीव करू नका. मला माझी शिसारी येते, तेवढी पुरे.

गोष्ट स्वयंपाकाची आहे. आठ दिवसांच्या संध्याकाळच्या जेवणांची. त्यात लपवण्यासारखं काय असणार, असंच वाटलं ना तुम्हाला?

मी कुहीकडची, भाताच्या मुलखातली. लग्न होऊन नागपुरात महाल भागातल्या घरी आले, त्या पहिल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी हौसेनं भात रांधला. सासूबाईंनी पातेलं उचललं, सगळ्यांदेखत गोठ्यात नेलं आणि गाईपुढे ओतलं. थंडीत रात्री भात खाल्ला की छातीत कफ बसतो, हा त्यांचा नियम. वर म्हणाल्या, "तांदळाच्या मुलखातली हाये, तिले काय समजते." सगळे हसले. हेही हसले.

हे कारण म्हणून सांगत नाही. बारा वर्षं झाली होती त्याला. बारा वर्षं मी थंडीत रात्री भाताचा दाणा शिजवला नाही, आणि आज्ञाधारक सून म्हणून आळीभर नाव कमावलं. एवढ्यावर थांबले असते तर काय बिघडलं असतं?

तेराव्या वर्षी मार्गशीर्षात धाकटे दीर कन्हानहून बायकामुलांसह आठ दिवस राहायला आले. चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं आमच्याकडे चंपाषष्ठीला सुटतं. भरीत-रोडग्यांचा नैवेद्य होतो आणि मग घर वांग्यांवर तुटून पडतं. सासूबाई आदल्या दिवशी मला म्हणाल्या, आता आपल्याच्यानं होत नाही, आठ दिवस काय रांधायचं ते तूच ठरव. त्या अशा चूल सोडून उठल्या आणि मी बसले.

एक गोष्ट तेव्हा फक्त मला ठाऊक होती. सासूबाईंच्या दाढा गेल्या होत्या. पुढचे दोन दात तेवढे शिल्लक, म्हणून बोलताना कळायचं नाही, आणि त्या मानी बाईनं मुलांना कळू दिलंही नव्हतं. पण ताटं मी उचलायची ना? त्यांच्या ताटाच्या कडेखाली भाकरीचे चघळलेले चोथे दडवलेले असत. मी ते बोटांनी गोळा करून टाकायची. किळस यायची मला. त्यांची! तेव्हा त्यांची यायची.

मग मी आठवडा ठरवला. पहिल्या दिवशी रोडगे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, दगडाशी नातं सांगणारे. दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकर आणि ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, तीही हिरड्यांना झोंबेल इतकी तिखट. पुढे कोथिंबिरीची कुरकुरीत सांबारवडी, मग पुन्हा भाकर, मुळ्याच्या चकत्या, ठेचा. दूध पाहुण्यांच्या लेकरांना, म्हणजे भाकर कुस्करून खायची सोय संपली. खिचडी? अहो, खिचडीत तांदूळ असतो. दीर बोटं चाटत म्हणाले, वहिनी, असा हिवाळा रोज यावा. सासूबाई बायकांच्या पंगतीत माझ्या शेजारी बसायच्या आणि घास तोंडात घोळवत राहायच्या.

चौथ्या दिवशी दुपारी त्या चुलीजवळ आल्या. इकडेतिकडे पाहिलं. हळूच म्हणाल्या, "आज मूठभर भात टाकशीन का वं?"

बारा वर्षं वाट पाहिली होती का मी याच वाक्याची? तसंच असणार, कारण उत्तर तयार होतं. "थंडीत राती भात, सासूबाई? तुमीच त सांगतलं होतं, कफ होते म्हून."

मोठ्यांदा म्हणाले. ओसरीवर माणसं होती. सासूबाईंनी नुसती मान हलवली, बरोबर आहे अशी, आणि गेल्या.

त्याच संध्याकाळी यांनी विचारलं, "आई काहून जेवून नाही राहिली?" त्यांना भूकच नसते, मी सांगितलं. यांनी खरं मानलं. पुरुषांना ताटातलं दिसतं, ताटाखालचं दिसत नाही.

इथपर्यंतचं मी एखाद्या वेळी कुणाला सांगितलंही असतं. सासवासुनांचं चालायचंच, म्हणून कुणी सोडूनही दिलं असतं. पण पुढचं आहे. पुढचंच आहे खरं तर.

आमची गाय नुकतीच व्यायली होती. तिच्यासाठी मी तांदळाच्या कण्या गूळ घालून मऊ शिजवायची आणि पहाटे धारेआधी बादलीत काढून ठेवायची. पाचव्या दिवशी पहाटे मी चरवी घेऊन गोठ्याकडे गेले, तर सासूबाई बादलीशी उकिडव्या बसलेल्या. बोटांनी कण्या खात होत्या. भराभर. चोरासारख्या नाही — भुकेल्या माणसासारख्या. थंडीनं खांदे थरथरत होते. गाय शेजारी उभी राहून पाहत होती.

तशीच मागे फिरले. मला वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटतं? मला गंमत वाटली. ज्या बाईनं माझा भात गाईला घातला, ती आज गाईचा भात खाते आहे, असं मनात म्हटलं आणि चुलीशी बसून हसले. एकटीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या कण्यांत भिजवलेली सरकी कालवली. कपाशीचं केसाळ बी, गाईनंच खावं असं. मूठ-मूठ घातली, तळापर्यंत ढवळली, आणि खांबाआड उभी राहिले.

सासूबाई आल्या. हात घातला. बोटांना सरकी लागली तशी थांबल्या. एक घास तरीही तोंडात घेतला, घोळवला, पदरात थुंकला. मग मी दिसले त्यांना. त्यांनी हात पदराला पुसला, गाईच्या पाठीवर ठेवला, आणि म्हणाल्या, "सरकी चांगली असते वं गाईले. दूध वाढते."

एवढंच. पुन्हा त्या गोठ्यात आल्या नाहीत. माझ्याजवळही काही मागितलं नाही.

संक्रांतीनंतर थंडी सरली, नियम सुटला. मी रोज रात्री मऊ भात करून त्यांच्यापुढे ठेवला. त्या दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. होळीआधी गेल्या. तेराव्याला आळीतल्या बायका म्हणाल्या, सून असावी तर अशी, सासूचा शब्द थंडीतसुद्धा मोडला नाही. मी मान खाली घालून ऐकलं. सांगूनच टाकते — ऐकायला बरं वाटलं.

आता माझ्या तोंडात एकही दात नाही. थंडी पडली आहे. या घरात असा काही नियम होता, हे मी माझ्या सुनेला कधीच कळू दिलेलं नाही. ती रोज रात्री मला मऊ भात करून देते, वर तूप सोडते, शेजारी बसते.

आणि मी खाते. पुन्हा मागून घेऊन खाते.