न भाजलेली माती

समस्त सुजाण वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, माती भाजणे हा मानवजातीपुढचा एक अतिमहत्त्वाचा विषय असून तो शक्यतो उभं राहून वाचावा. बसून वाचलात तरी चालेल, पण हसू नका. मी हसले नव्हते. गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये शुक्रवारी दुपारी मी एका काचेच्या पेटीला नाक लावून उभी होते. पेटीत एक युद्धभूमी होती. त्या युद्धभूमीवर काहीतरी हिरवं उभं होतं.

युद्धभूमी मी केली होती. हिरवं मी केलेलं नव्हतं.

आधी माझा धंदा सांगते, कारण लग्नकार्यात कोणी विचारलं की मला दहा मिनिटं लागतात. टेबलावर मांडून खेळायचे युद्धाचे खेळ असतात. त्यात सैनिक, राक्षस, घोडेस्वार असे छोटे पुतळे असतात, अंगठ्याएवढे. त्यांना मिनिएचर म्हणतात. ही मंडळी हौसेने रंगवतात, त्यांच्या स्पर्धा होतात. प्रत्येक पुतळा ज्या तुकड्यावर उभा असतो, तो बेस. त्या बेसवर जमीन, दगड, गवत, चिखल करणं हे माझं काम. पूर्वी मी बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेल करायची. तिथे बागा नेहमी हिरव्या आणि माणसं नेहमी आनंदी असायची. आता माझ्या जमिनीवर लोक एकमेकांचे गळे कापतात. मला हे काम जास्त प्रामाणिक वाटतं.

पेटीतले सात तलवारबाज शबानाने रंगवले होते. शबाना जुन्या नाशकातली. तिचे अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, हात तिकडून आलेला. दिवसाचे दहा तास ती एका कॉस्मेटिकच्या दुकानात काउंटरमागे उभी असते आणि सकाळी कामावर जाण्याआधी दोन तास ब्रश धरते. या सात जणांना चार महिने लागले. स्पर्धेची परीक्षक मुंबईच्या एका स्टुडिओची होती. त्या स्टुडिओला घरबसल्या रंगवणारी माणसं हवी होती आणि ती परीक्षक या स्पर्धेतूनच निवडणार होती. म्हणजे शबानासाठी हे बक्षीस नव्हतं. काउंटरमागून सुटण्याचं दार होतं.

बेस निवडताना पहिला प्रश्न एकच: हा माणूस कुठून चालत आलाय? शबानाने सातही जणांच्या पायांवर गुडघ्यापर्यंत ओला काळा चिखल रंगवला होता. झग्याची टोकं भिजलेली. एकाच्या बुटाचा तळ अर्धवट सुटलेला. मी पाहताक्षणी म्हटलं, "हे पाणी भरलेल्या शेतातून येतायत."

"बस, मॅडम! तुम्हाला न सांगता कळलं!" शबानाने टाळी वाजवली.

आयोजक प्रधान यांना कळलं नाही. त्यांचं म्हणणं, लाव्हा करा. हल्ली ज्याला त्याला लाव्हा हवा असतो. काळा खडक, त्यात नारिंगी भेगा, फोटोत झगमगतं म्हणे. मी विचारलं, "ओल्या चिखलाच्या पायांनी ज्वालामुखीवर कसा उभा राहील माणूस?" ते म्हणाले, "फँटसी आहे ना मॅडम." फँटसी म्हणजे अक्कल सोडायची परवानगी, असा काही लोकांचा समज आहे. मी चिखलच केला. आठ इंची गोल प्लिंथ, म्हणजे सातही जणांसाठी एकच मोठा बेस. पंचवटीच्या भाजीबाजारातून कोथिंबिरीच्या वाळलेल्या मुळ्या आणून त्यांची झुडपं केली. चहाचा चोथा वाळवून त्याचा पालापाचोळा. बांध, डबकी, बैलगाडीच्या चाकाची चाकोरी. दृष्ट लागावी असं झालं होतं.

लागलीच. प्रधानांचा मेसेज आला: "प्लिंथ सहा इंची चौकोनी असावा. काचेच्या पेट्या तशा आल्या आहेत."

मी फोन केला. "पेट्या आल्यावर मापं सांगता? आमचे बेस आधी झालेत!"

"मॅडम, गाईडलाईन इज गाईडलाईन."

"कालपर्यंत गाईडलाईन गोल होती!"

"अपडेट झाली."

मी फोन ठेवला आणि टेबलावरची कॉर्कची शीट हातानेच दोन तुकडे केली. नंतर तीच जोडून वापरावी लागली, म्हणून राग अजून वाढला. जमा करायला तीन दिवस होते. चौकोनी बेस नव्याने करायचा होता आणि भाजलेली माती संपली होती.

आता भाजणं. बेसवर खरी माती वापरायची तर आधी ती वस्त्रगाळ चाळायची आणि लोखंडी कढईत मंद आचेवर अर्धा तास भाजायची, रव्यासारखी, हलवत. का? मातीत अंडी असतात, बुरशी असते, बी असतं. कच्ची माती बेसवर लावली की महिन्याभराने सैनिकाच्या कानातून किडा निघतो. हे मी माझ्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते. माझ्याकडे काम करणारा प्रत्येकजण म्हणजे एकच माणूस: माझे धाकटे दीर, दत्तूभाऊजी. चांदवडला शेती मुलावर सोपवलीय, आठवड्यातले तीन दिवस माझ्याकडे येतात. हात असा की नखाएवढ्या बेसवर नांगरट करून दाखवतील. स्वभाव असा की घराला आग लागली तर आधी चहा संपवतील.

ते गोणीभर माती घेऊन आले. मैद्यासारखी. काळी, मऊ, एक खडा नाही. मी आतल्या खोलीत डबक्यांसाठी रेझिनचं, म्हणजे सुकून काचेसारख्या होणाऱ्या द्रवाचं, पाणी ओतत होते. तिथूनच ओरडले, "भाऊजी, भाजली ना?"

"हो हो."

बस. एवढंच. मी उठून वास घेतला नाही. भाजलेल्या मातीला वास येतो, तो पाच पावलांवरून कळतो. मी पाच पावलं चालले नाही. हे वाक्य लिहितानाही माझे दात एकमेकांवर घासतायत.

माती लावली. वर साबणाच्या थेंबाचं पाणी फवारलं, म्हणजे पातळ केलेला पांढरा गम आतपर्यंत झिरपतो. कडेच्या बांधाला गम जरा कमी पडला, पण वेळ नव्हता. ओल पुरती सुकायच्या आत शनिवारी जमा केलं. प्रधानांनी पेटीला काचेचं झाकण लावलं, झाकणावर सहीचा कागद चिकटवला आणि वर छोटा पिवळा दिवा लावला. आत ओल, वर काच, त्यावर ऊब. त्या माणसाने नकळत पॉलीहाऊस उभारलं होतं.

आणि शुक्रवारी हे हिरवं. दोऱ्याएवढं. एक नाही, नऊ. प्रत्येकाने पाठ बाहेर काढलेली, डोकं अजून मातीत खुपसलेलं, कमानीसारखी. दोनतीन सरळ झाली होती, त्यांच्या टोकावर काळा दाणा टोपीसारखा. एक कमान बरोबर सातांतल्या सरदाराच्या ढालीला टेकून उगवली होती.

मी भाऊजींना फोन लावला. वर्णन केलं. पलीकडून कौतुकाने भरलेला आवाज: "उळं हाय ते, वहिनी."

उळं म्हणजे कांद्याचं बी. चांदवडकडे कांद्याचं रोप करायला वाफ्यात आधी उळं टाकतात आणि त्या वाफ्याची माती पोटच्या पोरासारखी बारीक करतात. आमच्या भाऊजींनी अख्ख्या शिवारातली सर्वांत चांगली माती म्हणून नेमकी तीच आणली होती. पेरणी झालेल्या वाफ्यातून!

"पण तुम्ही भाजली म्हणालात!"

"उन्हात घातली ना दोन तास. लय कडक ऊन होतं."

"ऊन म्हणजे भाजणं?"

"आणि कडेची घेतली, वहिनी. कडेला बी पडत नाय."

"नऊ पडलीत!"

"मग पोरानं हात सैल सोडला आसंल."

मी त्यांना जे बोलले ते इथे छापता येणार नाही. आमच्या गल्लीतले गुरुजी प्रदर्शन बघायला येऊन शेजारच्याच पेटीपाशी उभे होते, त्यांनी त्यानंतर आठवडाभर माझ्याकडे पाहिलं नाही.

चिमटा पर्समध्ये होताच. प्रधानांकडे गेले. "सील उघडा. दोन मिनिटांचं काम आहे."

"रविवारी. परीक्षकांसमोर."

"अहो, एक छोटी दुरुस्ती..."

"कसली?"

आणि मी गप्प बसले. कारण नियमावलीत सातवा नियम होता: प्रवेशिकेत सजीव अथवा नाशवंत वस्तू आढळल्यास ती बाद. गेल्या वर्षी कोणीतरी खरं शेवाळ लावलं होतं आणि हॉलभर मुंग्या झाल्या होत्या. मी कारण सांगितलं असतं तर शबाना जागच्या जागी बाद. नाही सांगितलं तर दोन दिवसांत ते अजून वाढणार. प्रधान माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "काही नाही. धूळ दिसली." धूळ! माझ्या तोंडून! बाहेर येऊन मी माझ्याच स्कूटरच्या सीटवर बुक्क्या मारल्या. रिक्षावाला म्हणाला, "ताई, चालू होत नाही का?"

शबानाला सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही रागावू नका. माझं रडून झालंय." त्यावर मला जो राग आला त्याला मालकच नव्हता. भाऊजी, प्रधान, चौकोनी पेटी, मी स्वतः. सगळ्यांना पुरून उरला.

रविवार. मी भाऊजींना कडेला घेतलं. "आज तोंड उघडायचं नाही. कोणी काही विचारलं तरी फक्त मान हलवायची." त्यांनी मान हलवली.

परीक्षक बाई आल्या. पांढरे केस, गळ्यात भिंग. प्रधानांनी सील काढलं. बाई आधी चेहऱ्यांपाशी थांबल्या, मग झग्यांपाशी, मग त्या अर्धवट सुटलेल्या तळाच्या बुटापाशी. खूप वेळ. "हे कोणी रंगवलं?" शबानाने हात वर केला, शाळेत करतात तसा. मी श्वास सोडला.

मग भिंग खाली सरकलं. एव्हाना नऊची चौदा झाली होती आणि सरदाराच्या डोक्यावरून कमानी गेल्या होत्या. त्या मापात तो परग्रहावरचा रानटी बगीचा दिसत होता.

"हे कसं केलंय? प्रकाश आरपार जातोय. मासे पकडायची दोरी? की रेझिनचा धागा ओढलाय?"

माझ्यातली नटी जागी झाली. मी घसा साफ केला. "मॅडम, ही आमच्या स्टुडिओची खास पद्धत आहे. बरीच मेहनत..."

"आणि टोकाला हा काळा ठिपका? अप्रतिम. हे तंत्र मला हवंय."

मी पुढचं खोटं जुळवत होते. शेजारी भाऊजींची छाती फुगत चाललेली मला दिसली. आपल्या वाफ्याचं इतकं कौतुक त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी त्यांचा पाय दाबला. उशीर झाला होता.

निकाल आधी सांगते. प्रवेशिका बाद. प्रधानांनी सातवा नियम मोठ्याने वाचला, दोनदा. बाईंनी शबानाला बाहेर बोलावून तीन पुतळे रंगवायला दिले. ते पसंत पडले आणि महिन्याभरात तिने काउंटर सोडला. बुटाचा तळ पाहूनच मी ठरवलं होतं, असं बाई तिला म्हणाल्या. पुढे असंही म्हणाल्या की बेस मात्र आमचे आम्ही करू. त्यावर मला राग आलेला नाही, असं मी सर्वांना सांगते.

धडा एकच: "भाजली का?" हा प्रश्न दुसऱ्या खोलीतून विचारायचा नसतो. आता माझ्याकडे मातीच्या डब्यावर दोन सह्या लागतात.

आणि त्या दिवशी भरलेल्या हॉलमध्ये, परीक्षकांसमोर, प्रधानांसमोर, माझ्या टाचेखाली पाय असताना दत्तूभाऊजी जे बोलले ते हे:

"कांदा हाय तो, बाई! उन्हाळ! आजून दीड महिना ऱ्हाऊ द्या, लावणीला येतोय!"