मोकळा पाळणा

आमच्या शेजारच्या त्रिंबकला गर्दीचं भारी वावडं. नारायणगडाची यात्रा उठली की हा गडावर निघायचा, आणि कपिलधारला जायचा तो धबधबा आटल्यावर. आला की ऐटीत सांगायचा, लई मोकळं होतं. पाणी होतं का विचारलं तर म्हणायचा, पाण्यामुळंच तर गर्दी होते.

त्याच्या या हिशेबापायी छबुवहिनींची एकच हौस राहून गेली. लग्नापासून त्यांना आकाशपाळण्यात बसायचं होतं, आणि लग्नापासून पाळण्यापुढं रांग होती.

यंदा दुष्काळानं दिवाळीआधीच सारं गाव ऊसतोडीला गेलं. तेलगावकडच्या एका वस्तीवर यात्रा तेवढी भरली. त्रिंबकनं त्यातलाही शेवटचा दिवस निवडला. मोटारसायकल माझी, म्हणून मलाही घेतलं. माझ्या देहामुळं वहिनी मागं निम्म्या हवेतच बसल्या होत्या.

पाळण्याजवळ कुत्रंसुद्धा नव्हतं. पाळणेवाला म्हणाला, समोरच्या बाजूला तोल धरायला माणसं पाहिजेत. ती नव्हती, म्हणून त्यानं बंद पडलेल्या साखर कारखान्याची जुनी पोती वाळूनं भरून समोरच्या पाळण्यात ठेवली. पोत्यांवर ‘सहकारी’ एवढंच वाचता येत होतं. वहिनींना म्हटलं, तुमच्यासमोर सारं संचालक मंडळ बसलंय. त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

दोन-चार फेऱ्या झाल्या आणि इंजिनाचा पट्टा तुटला. जोडपं नेमकं वर टोकाला, पोती तळाला. पाळणेवाल्यानं चाकात दांडकं अडकवलं आणि पट्टा आणायला सायकलीवर टांग मारली.

‘‘पोती हायेत तवर काय होत न्हाई,’’ एवढं सांगून गेला.

मी खाली उभा राहून त्रिंबकला चिडवत होतो. आता तरी गर्दी न्हाई ना, म्हणत होतो. तेवढ्यात पायावर काहीतरी ऊन ऊन पडलं. वाळू. पोतं कुजलेलं होतं, शिवण उसवून धार लागली होती. मी तळहातानं भोक दाबलं तर शेजारून फाटलं. तळ हलका होताच वरचं चाक कुरकुरलं. दांडकं वाकलं.

‘‘काय झालं बे?’’ वरून त्रिंबक.

‘‘काय न्हाई. मलाबी बसू वाटलं.’’

मी पोत्यांवर चढून बसलो. दांडकं जरा सैल पडलं. माझ्या पोटावर गावानं आजवर केलेली थट्टा मी त्या घडीला माफ केली. पण खालून वाळू जातच होती, आणि मला उतरता येत नव्हतं.

ऊन कललं. वहिनींना वरून तेलगावचा रस्ता दिसत होता. त्या हळूच म्हणाल्या, ‘‘भावजी, कुणीच येत न्हाई हो.’’

मी विनोद शोधत होतो, सापडेना. खाली पोती चपटी झाली आणि दांडकं पुन्हा वाकायला लागलं.

मग त्रिंबक हाका मारू लागला. भारत, शहादेव, सुंदरबाई, पंडित. एकेक नाव लांबवून, पार गळा फाटेस्तोवर.

सारी नावं तोडीला गेलेल्यांची होती.