रेडिओची घरघर

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीत शिकले तेवढंच. वहीनेच सांभाळून घ्यावं.

ह्यांची नजर गेल्यापासून रेडिओ हेच त्यांचं वर्तमानपत्र. सुनेच्या कामासाठी घरात इंटरनेटचा डबा आला आणि बातम्यांत घरघर सुरू झाली. हे फळीवरच्या रेडिओला कान लावून बसायचे. "तूही म्हातारा झालास की रे," असं त्यालाच म्हणायचे. मी मनातल्या मनात सुनेला बोल लावायची.

एका सकाळी ती घरघर तिनेच ऐकली. फळीपाशी गेली आणि हसत सुटली. "आई, रेडिओ चक्क डब्यावर बसवलात? खाली क्रोशाचा रुमालसुद्धा!" नीटनेटकं दिसावं म्हणून मीच रेडिओ तिथे ठेवला होता. तिने रेडिओ खिडकीत नेला. बाजारातून घरघर अडवणारं एक काळं कडं आणलं आणि डब्याची वायर त्यातून चार वेळा फिरवून घेतली.

"बातम्यांवाल्या बाईचा घसा बरा झाला," हे म्हणाले.

मी रेडिओ आणि डबा, दोघांकडे बघत राहिले. दोघंही हवेतूनच बोलतात, पण मधे हातभर जागा लागते. एका घरातल्या माणसांचंही तसंच असेल.

माझं चुकलं, हे मला तिला सांगता येईना. म्हणून कड्याचे पैसे देऊ लागले, भाजीतून उरतील तसे. आज शेवटचे दहा रुपये तिच्या हातावर ठेवले. माझ्याकडे क्षणभर बघून तिने मूठ मिटली. "फिटले हं आई, सगळे."